बाईंच्या हातचं

माझी गर्भपिशवी काढली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. वर्ध्याच्या दवाखान्यात अठरा दिवस पडून होते, आणि मग देवळीपर्यंत मोटारीनं आणि पुढे गादी घातलेल्या बैलगाडीतून मला घरी आणलं. अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, टाके भरून येतील, पण खाल्लं-प्यायलं नाही तर ही उभी राहायची नाही. दूध, अंडी, पालेभाजी आणि रक्तवाढीचं लोखंडाचं औषध. बाटली मोठी होती आणि डोस मोजायला तिच्या पाठीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली होती.

हे सगळं सांभाळलं माझ्या विधवा नणंदेनं. आमच्याकडे नणंदेला बाई म्हणतात. बाई माझ्याच वयाच्या. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे राहायच्या. जाम गावी त्यांचा एक दीर होता, पण त्याच्या दारात त्यांना गोठ्याशिवाय जागा नव्हती. आमचं घर सुटलं तर त्यांना दुसरं घर नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सासूबाई चुलीवर अंडं चढू देत नसत. बाईंनी परसात पपईच्या झाडाखाली तीन विटा मांडल्या आणि तिथं माझी अंडी उकडू लागल्या. औषधानं दात काळे पडतात, नळीनं प्यावं, असं नर्सनं सांगितलं होतं. म्हणून रोज दुपारी त्या पपईच्या पानाची पोकळ दांडी कापून आणायच्या आणि मी तिच्यातून औषध ओढायची. गंजलेल्या बादलीला जीभ लावावी तशी चव. पुरुष शेतात, सासूबाई ओसरीवर आडव्या, आणि घरात इतकं शांत की बाटलीचं बूच निघालेलं मला खाटेवर ऐकू यायचं. मग बाईंची पावलं यायची. सुरुवातीला मी त्या पावलांची वाट पाहायची, हे आधीच सांगून ठेवते.

सहाव्या दिवशी परसाकडे गेले आणि खाली पाहिलं. डांबरासारखं काळं. लाल रंगाला मी कधी भ्यायले नाही, दोन वर्षं तोच पाहत होते. पण हे काळं न दुखता, न कळता माझ्यातून बाहेर पडत होतं. आत काहीतरी सडतंय असं वाटलं. मी पहिल्यांदा बाईंनाच सांगितलं. त्या हसल्या.

"दवाईनं होते तसं, वयनी. नर्सबाईनं मले बाजूले नेऊन सांगतलं व्हतं. दादा उभे व्हते नं तिथं."

हे ऐकून मी निवांत व्हायला हवं होतं. पण ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला.

"हिले पयलेच कसं मालूम?"

बस्, एवढंच. तेवढं वाक्य घरात मुक्कामाला आलं आणि मग हललंच नाही. दुसऱ्या दिवसापासून तीच पावलं मला वेगळी ऐकू येऊ लागली. औषध ओतताना बाई माझ्याकडे पाठ करतात हे ध्यानात आलं. खिडकी त्या बाजूला होती, उजेड तिथून यायचा, पाठ होणारच. आज कळतं. तेव्हा मी त्यांच्या पाठीकडे बघत बसायची आणि तोंडातला घास फुगत जायचा. काळं रोज होतंच.

सासूबाईंनी भगत आणवला. ऐन दुपारी आला, वाळका माणूस, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. पाणी मागितलं आणि प्यायला नाही. माझ्याकडे एकदाही न बघता अंगणातूनच त्यानं विचारलं, "कोनाच्या हातचं खाऊन राह्यली?"

 मी फक्त स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात बाई माझं ताट घेऊन उभ्या होत्या. माझ्या त्या बघण्याची मला आजही चीड येते.

भगतानं सांगितलं, त्या हातचं अन्न-औषध सगळं बंद. चौथ्या दिवशी काळं गेलं. आता आणखी काय पुरावा हवा होता? बाईंना जामच्या मोटारीत बसवून दिलं. निघताना त्यांनी पपईची एक ताजी दांडी कापून माझ्या उशाशी ठेवली. "दवाई सोडू नका वयनी. दांडीनंच घेजा."

घरातली करणी गेली, असं सगळे म्हणाले. मी मात्र वाळत चालले. सासूबाई शिरा भरवायच्या, डिंकाचे लाडू द्यायच्या, आणि मी उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. एका दुपारी घरी कोणी नसताना कोनाड्यात मागे सारलेली बाटली काढली. दांडी केव्हाच सुकली होती. तोंडालाच लावून प्यायले. रोज, चोरून. चौथ्या दिवशी काळं परत आलं.

बाई पंधरा कोसांवर, आणि त्या बाटलीला माझ्या हाताशिवाय दुसरा हात लागला नव्हता. 

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तुरीच्या डाळीतले खडे वेचणं थांबवलं नाही.

"तिथून करून राह्यली."

त्या दुष्ट नव्हत्या. घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला समजावण्याइतकी ताकद माझ्या अंगात नव्हती. नवऱ्यानं मान फिरवली, पण रविवारी मला जामच्या मोटारीत बसवलं.

बाई गोठ्याला लागलेल्या पडवीत राहत होत्या. मला पाहताच पुढे आल्या आणि माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"अजून पांढरंच हाय."

"बाई, घरी चला," मी म्हटलं. "चूक आमची झाली. औषधानंच होत होतं. मी स्वतः घेऊन पाहिलं."

"आधी जेवा."

ताट आलं. ज्वारीची भाकर, चिवळीची पालेभाजी, एक उकडलेलं अंडं. त्या गोठ्यात त्यांनी माझ्यासाठी अंडं कुठून आणलं असेल? मी घास मोडला, उचलला आणि माझा हात तोंडाजवळ येऊन थांबला. देवाशपथ, मी थांबवला नव्हता. क्षणभरच. तेवढ्यात बाईंनी पाहिलं.

 माझ्या हातातला घास त्यांनी काढून घेतला, स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"आता खा, वयनी."

मी ताट पुसून खाल्लं. संध्याकाळच्या मोटारीनं मी एकटीच घरी परतले.