'आज ही उडत नाही' म्हणणारा माणूस

शेलूबाजारच्या स्टँडवर जीप दुरुस्त करणारे एक काका आहेत. किन्हीराजाच्या शाळेत शिकवायला मी रोज तिथूनच जीप धरतो, पण त्यांचं नाव अजून मला माहीत नाही. बोलताना ते समोरच्याकडे बघत नाहीत, चाकाकडे बघतात, आणि रागावले की पान्याने टायरवर ठोकतात.

एका सकाळी जीप गच्च भरली होती. ड्रायव्हरने काकांना मोबाइलवर उडत्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. "पाहा काका, आता लोक हवेतून ड्युटीवर जातीन."

"जाऊ दे ना!" काका भडकले. टायरवर पाना वाजला. "पन हवेत बिघाड झाला तं बाजूले कुठं लावशीन? तिथं निघायच्या आधीच 'आज ही उडत नाही' म्हननारा मानूस लागते. अन् त्याचं आयका लागते. तुमी जमिनीवर तरी आयकता काय?"

बोलता बोलता त्यांनी मागच्या चाकाला आतून हात लावला. बोटं ब्रेक ऑइलने ओली झाली. त्यांनी सरळ जीपची चावी काढून खिशात घातली.

"उतरा सारे. ही गाडी जात नाही."

एकच ओरडा झाला. "तुमी कोन अडवनारे?" त्यात माझाही आवाज होता, कारण शाळेला उशीर होत होता. काकांनी ती ओली बोटं माझ्यासमोर धरली.

"मास्तर, तुमी बी?"

मी खाली उतरलो. तेवढ्यात दुसरी जीप आली. आम्ही सगळे तिच्याकडे धावलो, आणि तिचे ब्रेक कोणी तपासलेत, हे एकानेही विचारलं नाही.