शेवटच्या दिवसाचं मागणं

माझी मोठी जाऊ रेजिना आणि मी, आमचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर नंतर म्हणाल, जावेची बाजू घेतेय. लग्न होऊन मी शिलोतरपाड्यात आले त्या दिवसापासून ती मला शिकवतेय. ओला चमचा मसाल्यात घालू नको, फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ असं भिजवू नको, माळ ओढत रोझरी म्हणताना इकडेतिकडे बघू नको. सासूबाई परवडल्या. त्या निदान ओरडून मोकळ्या व्हायच्या. ही ओरडत नाही, नुसती बघते.

माजिवड्याच्या नाक्यावरून खाडीकडे वळलं की आमचा पाडा लागतो. पूर्वी सगळी मिठागरं होती. आता चहूबाजूंनी टॉवर, आणि मधे आमची बसकी कौलारू घरं. आम्ही ख्रिस्ती, पण इथलेच. आमची म्हातारी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. टॉवरमधल्या बायका मला विचारतात, तुम्ही गोव्याच्या का हो? मी सांगते, बाई, तुमचा स्विमिंग पूल आहे ना, तिथे माझ्या आजेसासऱ्यांनी मीठ पिकवलंय.

रेजिनाचा धंदा बाटली मसाल्याचा. होळी झाली की मिरच्या उन्हात पडतात आणि मे संपेपर्यंत आमच्या गल्लीतून शिंकल्याशिवाय कुणी जात नाही. ती भाजते, कांडणाऱ्या बाया कांडतात, आणि मग बिअरच्या धुतलेल्या बाटल्यांत मसाला काठीने ठासून भरतात. नवरा गेला तेव्हा लोरेटा, तिची एकुलती मुलगी, कॉलेजात होती. मुलीचं शिक्षण, लग्न, घराचं छप्पर, सगळं या मसाल्यावर झालं. मिरची भाजून भाजून रेजिनाचा घसा कायमचा बसलाय. पण मे महिन्यात क्रुसाजवळ उभी राहून ती रोझरी सांगायला लागली की तोच घोगरा आवाज पार हायवेपर्यंत जातो.

हा क्रूस पाड्याच्या तोंडाशी आहे. प्लेगच्या साथीत उभारला म्हणतात. मे महिन्यात त्याचा सण, आणि सणाआधी नऊ दिवस रोज संध्याकाळी तिथे प्रार्थना. रोज एका घराचा मान. त्या घराने क्रुसाला हार घालायचा, उकडलेले चणे आणि खोबरं वाटायचं, आणि आपलं मागणं रोझरी सांगणारीच्या कानात सांगायचं. ती ते मोठ्याने म्हणते आणि सगळा पाडा उत्तर देतो, ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’ घराचं मागणं सांगणारीने अडवायचं नाही, बदलायचं नाही, आणि पाड्याचं उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, असा सासूबाईंच्याही आधीपासूनचा रिवाज आहे. एकदा इनास बेवड्याने मागितलं की रुसून गेलेली बायको माहेरून परत येऊ दे. रेजिनाने चेहरा न हलवता ते म्हटलं आणि आम्ही हसू दाबत उत्तर दिलं. बायको आली नाही, ती गोष्ट वेगळी.

लोरेटाचा गळा आईपेक्षा गोड. लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत असायची. सहावीत असताना तिने एकाएकी गाणं सोडलं. मग क्रुसाजवळ येणं सोडलं. आम्ही म्हटलं, वयात येतेय, लाजत असेल. तिला कॉयर शिकवणारे जे फादर होते, त्यांनी त्या पोरीच्या अंगाला हात लावला होता, एकदा नाही, वर्षभर, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. त्या माणसाचं नाव मी घेत नाही, तोंड कडू होतं.

रेजिनाला मात्र तेव्हाच कळलं होतं. नवऱ्याला घेऊन ती तेव्हाच्या मोठ्या फादरांकडे गेली होती. ते म्हणे ऐकून रडले. म्हणाले, मी वर कळवलंय, वरचे बघतील, तुम्ही पोरीच्या भल्यासाठी गप्प राहा. महिन्याभरात त्या माणसाची बदली झाली. निरोपाला हारतुरे झाले, आणि बायांनी पातेलं भरून फुगे तळले, त्यात रेजिनाही होती. तिला वाटलं, ही शिक्षाच आहे, फक्त लोकलाजेस्तव हार घातलेत. घरी येऊन तिने पोरीला सांगितलं, गेला तो, आता कुणाला त्रास देणार नाही. आईचा शब्द. पोरीने तो धरून ठेवला.

लोरेटा आता डोंबिवलीला असते, एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. नवरा रवींद्र, हिंदू, पण माणूस सोनं. गेल्या दिवाळीत तिच्या मोबाइलवर कुणीतरी लांबच्या एका शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ पाठवला. पुढच्या खुर्चीत तोच बसलेला. केस पिकलेले, आणि लहान लहान मुली त्याला गुच्छ देतायत. लोरेटाने मोबाइल पालथा ठेवला. मग तिने रवींद्रला सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. “आई, तू म्हणालेलीस, आता कुणाला त्रास देणार नाही,” एवढंच बोलली ती.

रेजिना त्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा न बोलावता आली. सगळं सांगितलं आणि म्हणाली, माझ्या तोंडून त्यांनी माझ्या पोरीशी खोटं वदवून घेतलं. मी तिला पाणी दिलं. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाकुणाचा ते सांगता येणार नाही.

पोलिसांत तक्रार झाली. त्या माणसाला कामावरून दूर केलं, केस चालू आहे, ती चालेल तशी चालेल. पण ज्यांना माहीत होतं त्यांचं काय? आम्ही दोन-तीन घरची माणसं मिळून चर्चच्या वरच्या मोठ्या ऑफिसात गेलो. आमचे प्रश्न साधे होते. कुणाकुणाला माहीत होतं, त्याला दुसरीकडे कुणी पाठवलं, आणि तिथल्या आईबापांना सांगितलं होतं का. आम्हाला चहा मिळाला, बिस्किटं मिळाली. समिती नेमलीय म्हणाले. सबुरीने घ्या, चर्चची बदनामी होते म्हणाले. शेवटी तिथले मोठे फादर हात जोडून म्हणाले, आम्ही तुमच्या मुलीसाठी रोज प्रार्थना करतो. रेजिना उठली. “प्रार्थना आम्हीपण करतो, फादर. तुम्ही उत्तर द्या,” म्हणाली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी लोरेटाला विचारलं, तुला नक्की काय हवंय, बाय? ती म्हणाली, शिक्षा कोर्ट देईल. मला एवढंच हवंय की आपल्या माणसांसमोर त्यांच्यातल्या एकाने तरी म्हणावं, आम्हाला माहीत होतं. तोपर्यंत मी त्या क्रुसाजवळ कशी उभी राहू, सगळे माझ्याकडेच बघतील.

आणि पाड्यात झालं काय, तर तिच्याकडेच बघायला लागले. वीस-पंचवीस वर्षांनी कशाला उकरायचं? पैसे हवे असतील. नवरा हिंदू आहे ना, त्याचंच डोकं. अशी एकेक मुक्ताफळं. मसाल्याच्या ऑर्डरी तुटल्या. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? सणाच्या कमिटीचे अध्यक्ष पास्कोलमामा, रिटायर्ड बँकवाले, भले गृहस्थ, ते रेजिनाकडे आले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बरंच बोलले. मग मुद्द्यावर आले. रोझरी तूच सांग, पण हा विषय काढणार नाहीस असा शब्द दे, नाहीतर यंदा दुसरी कुणी सांगेल. रेजिनाने शब्द दिला. मी मेली चिडले! हिला काय, क्रुसाजवळचा मान मुलीपेक्षा मोठा झाला? तसं तोंडावर बोललेही. ती नुसती बघत राहिली.

आठ दिवस तिने रोझरी सांगितली. मागण्यांत नोकऱ्या झाल्या, गुडघेदुखी झाली, रिझल्ट झाले. शेवटचा दिवस आमच्या घराचा. त्या दिवशी फादर येतात, क्रुसाला आशीर्वाद देतात, सगळा पाडा नवे कपडे घालून जमतो. सकाळीच लोरेटाचा फोन आला. काकी, तुमचा मान मला द्याल का? मी म्हटलं, घे, तू याच घरची लेक आहेस, आणि चणे जरा जास्त भिजव.

संध्याकाळी ती आली. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, मागे पातेलं धरून रवींद्र. कुजबुज झाली आणि थांबली. नवे फादर, तरुण आहेत, दीड वर्षच झालंय त्यांना येऊन, ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. लोरेटाने क्रुसाला हार घातला, आईजवळ गेली आणि तिच्या कानात बोलली. रेजिनाचा चेहरा मला समोरून दिसत होता. तिने डोळे मिटले. पास्कोलमामांनी दुरून मान हलवली, नको म्हणून. रेजिनाने डोळे उघडले आणि त्यांच्याचकडे बघत म्हणाली, “मामा, मी विषय काढलेला नाही. हे घराचं मागणं आहे.”

मग तिने माइक हातात घेतला. “लोरेटाला आणि तिच्यासारख्या मुलांना ज्याने छळलं, त्याचं करणं ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी ते लपवलं, त्यांनी आपल्यासमोर येऊन तसं सांगावं, म्हणून आपण प्रभूजवळ प्रार्थना करू.”

कुणी उत्तर दिलं नाही. हायवेचा आवाज येत होता. लोक जमिनीकडे बघत होते, मेणबत्त्यांकडे बघत होते. एरवी मी सगळ्यांच्या आधी तोंड उघडते, पण तेव्हा मीही मेणबत्त्यांकडेच बघत राहिले. रेजिना पुढे सरकली नाही. तिने तेच मागणं पुन्हा म्हटलं, एक शब्द न बदलता, फक्त आवाज आणखी घोगरा झालेला. लोरेटा पातेल्याचा कान घट्ट धरून उभी होती. मी कशीबशी म्हणाले, “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” माझा एकटीचाच आवाज आला. मग मागून इनास बेवडा म्हणाला. आणि मग, मला खरं वाटेना, पास्कोलमामा म्हणाले. पुटपुटले म्हणा, पण म्हणाले. रिवाज मोडेल असा तो माणूसच नाही. त्यांच्यामागून बाया, मग पुरुष, आणि शेवटी मुलंसुद्धा ओरडली.

रेजिनाने फादरांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले नव्हते. ती थांबली, म्हणून सगळेच थांबले आणि सगळेच त्यांच्याकडे बघायला लागले. फादरांनी हात पुढे केला. तिने माइक दिला.

“मी इथे आलो तेव्हा आधीच्या फादरांनी मला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “म्हणजे लोरेटाने तक्रार करायच्या आधीपासून मला माहीत होतं. वर सगळ्यांना माहीत आहे. मी गप्प बसलो.”

रेजिनाने माइक परत घेतला आणि राहिलेली लितानी, म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना, पूर्ण केली. रडत रडत, पण एकही नाव न चुकता. माझं तिचं पटत नाही, पण त्या दिवशी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, पुढचं वर्षभर ऐकवलं असतं तिने.

मग चण्यांची रांग लागली. क्रुसाजवळ चणे कुणालाच नाकारत नाहीत, तोही रिवाज आहे. लोरेटा स्वतः वाटत होती. मान वर होती, येणाऱ्या प्रत्येकाकडे ती सरळ बघत होती. रांगेत फादरही आले आणि ओंजळ पुढे करून उभे राहिले. तिने ओंजळ भरून चणे घातले, वर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

“आता हे वर कळवा,” ती म्हणाली, आणि पुढच्या हातात चणे घालायला लागली.