पोलंडला गेलेला फोन

जिलानी चाचांचं दुकान माझ्या दुकानाला भिंतीला भिंत लागून आहे, आणि गेले दोन महिने मी त्यांच्या नजरेला नजर दिलेली नाही. त्यांना वाटतं मला, म्हणजे सुकन्याला, कामाचा ताण आहे. ताण कसला डोंबलाचा, लाज आहे. कशाची, ते औशात कुणाला माहीत नाही. चाचांच्या नातीला तेवढं माहीत आहे, आणि ती पोरगी बोलणार नाही. म्हणून मीच सांगते. पण सुरुवात चाचांपासून करते, कारण माणूस कळल्याशिवाय माझा गुन्हा केवढा ते कळायचं नाही.

चाचा सत्तरीला आले. रिपेरीला आधी घड्याळं, मग रेडिओ आणि टेप, मग मोबाइल. हात तेच राहिले, हातातली वस्तू बदलत गेली. डोळ्याला भिंग लावून बसले की समोर कलेक्टर आला तरी मान वर व्हायची नाही. आणि त्यांची एक पद्धत, ती आमच्या अख्ख्या ओळीला ठाऊक आहे. दुकानात आलेली वस्तू आली तशी बाहेर जायची नाही. तुम्ही नुसतं चार्जिंगचं भोक साफ करायला फोन द्या. चाचा तो उघडणार, ब्रशनं झाडणार, काच स्पिरिटनं पुसणार, सैल बटण बसवणार, आणि ओरखडे पडलेली बॉडी दिसली की स्वतःच्या डब्यातली नवी चढवून देणार. पैसे विचारले तर म्हणायचे, "रिपेरीचे द्या. आंघोळीचे कोण घेतं?" शेजारचे कापडवाले माणिकप्पा चिडवायचे, चाचा, तुम्ही दुकान चालवता की न्हाणीघर? चाचा हसायचे आणि पुसत राहायचे.

मी शिरूर अनंतपाळची, लग्न होऊन औशात आले. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, त्याचं ऑनलाइन सेंटर झालं. आधार, सातबारा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म. तोंडानं मी फटकळ आहे, हे लोक म्हणतात आणि खरं म्हणतात. अंगठा नीट दाबा मामा, गोंजारताय काय, असं मी म्हाताऱ्यांनाही सुनावते. चाचांना मात्र कधी वरच्या आवाजात बोलले नाही. माझं दुकान नवीन होतं तेव्हा सहा महिने माझी लाइट त्यांच्या बोर्डावरून चालली, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही.

अलीकडं त्यांचं काम आटलं. फोन बिघडला की लोक लातूरला जाऊन हप्त्यावर नवा घेतात. चाचा आपले पाटावर बसून. एकदा म्हणाले, "बेटी, पोराच्या घरून दोन टाइम भाकर येते, पैशाचं काई न्हाई. पण हात रिकामे बसून राहिले. लई जड होतात मग."

ते मला लागलं. त्यांच्या खणात जुने बटणांचे फोन पडलेले होते, आणि परदेशातले लोक असले फोन शौकानं घेतात हे मी नेटवर पाहिलं होतं. म्हटलं, चाचा, विकू या का? त्यांनी त्यांचा स्वतःचा पहिला फोन काढून दिला. निळा, कोपरे घासलेला, पाचाचं बटण इतकं झिजलेलं की त्यावर पाच आहे हे फक्त अंदाजानं कळायचं. मी फोटो काढले, चाचांच्या दुकानाच्या नावानं खातं उघडलं आणि खाली इंग्रजीत ऐटीत लिहिलं: सगळं ओरिजनल.

दीड महिना कुणी विचारलं नाही. मग पोलंडच्या एका गृहस्थाचा मेसेज आला. आला तो पण कधी, तर पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी. सर्व्हर मिनिटाला बंद पडत होता, दारातली रांग पार स्टँडकडं गेली होती, आणि मी सगळ्यांवर खेकसत होते. चाचा मध्येच दारातून डोकावले. "बेटी, फॉरेनवाल्यानं काय लिवलं?"

मी स्क्रीनवर नजर टाकली. चार-पाच ओळी होत्या. वाचल्याच नाहीत असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण वाचल्या होत्या. त्यानं लिहिलं होतं, फोन घेतो. माझ्या वडिलांकडं असाच होता, त्यांचंही पाचाचं बटण असंच झिजलं होतं. कृपा करून काही बदलू नका, साफसुद्धा करू नका, फोटोत आहे तसाच पाठवा. बॅटरी नको, माझ्याकडं आहे. खाली पत्ता.

मी म्हटलं, "घेतो म्हणतो चाचा. नीट पाठवा म्हणतो. बॅटरी नको म्हणाला." एवढंच. बाकीचं मग निवांत सांगू, असं मनात आलं, तेवढ्यात सर्व्हर चालू झाला आणि ते मग काही आलं नाही.

चाचांची पद्धत ज्या बाईला पंधरा वर्षं माहीत आहे, तिनं त्यांना सांगितलं की नीट पाठवा. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला अक्कल विचारली असती.

चाचा तीन दिवस त्या फोनला बसले. लातूरहून नवी बॉडी मागवली, नवं कीपॅड, नवी काच. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. पांढऱ्या फडक्यावर फोन ठेवला होता, लख्ख, पाचाचा आकडा ठसठशीत. आणि चाचांचा चेहरा, काय सांगू, दहा वर्षांनी लहान दिसत होता. "आपल्या गावाचं नाव हाय बेटी. तिकडं मळका कसा धाडायचा?" मी कौतुकानं म्हटलं, वा चाचा. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. जुनी बॉडी भंगारवाला आदल्या दिवशीच घेऊन गेला होता.

पार्सल करायला आम्ही दोघं लातूरच्या मोठ्या पोस्टात गेलो. बॅटरी काढलेली काउंटरवरच्या माणसाला उघडून दाखवावी लागली, विमानातून चालत नाही म्हणे. कस्टमचा कागद मी भरला. चाचांनी डब्यात सुपारीची पुडी टाकली होती, ती त्या माणसानं बाहेर काढली. "परदेशात खायचं काही धाडता येत नाही, चाचा." चाचा म्हणाले, "खायचं न्हाई हो, मानाचं हाय," आणि पुडी खिशात ठेवली. येताना बसमध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं, पोलंडला थंडी असते का.

मग रोज सकाळी शटर वर करायच्या आत, "पोचला का?"

विसाव्या दिवशी उत्तर आलं. त्या गृहस्थानं लिहिलं होतं, मी स्पष्ट सांगूनही तुम्ही स्वस्तातल्या नकली बॉडीत घालून पाठवला. ज्यासाठी घेतला तेच तुम्ही काढून टाकलं. दुकानाच्या पानावर त्यानं एक तारा दिला होता आणि खाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं होतं: फसवणारा माणूस.

मी ते चार वेळा वाचलं. मग मागं जाऊन त्याचा जुना मेसेज वाचला. पन्नास वर्षं त्या पाटावर बसून चाचांनी एक नाव कमावलं, दुसरं काही नाही. त्याच नावाखाली आता फसवणारा असं लिहिलेलं होतं, आणि ते माझ्यामुळं. त्यात चाचा दारात उभे. "काय म्हणतो?"

माझ्या तोंडातून बाहेर आलं, "लई आवडला म्हणतो, चाचा."

त्यांनी अख्ख्या ओळीला चहा सांगितला. माणिकप्पांना दोनदा सांगितलं. मशिदीत येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगितलं. संध्याकाळी माझ्याकडं आले, जरा लाजतच. "बेटी, त्यानं लिवलं ते कागदावर काढून देशील? काचेला लावतो. वाचता न्हाई आलं तरी लोकांना दिसंल."

त्या वेळेलाही मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. इंग्रजीत दोन ओळी टाइप केल्या, तुमचं काम फार सुंदर आहे, आभारी आहे, खाली त्या माणसाचं नाव टाकलं आणि रंगीत प्रिंट काढून दिली. चाचांनी चार बाजूंनी चिकटपट्टी लावून ती काचेवर बसवली. त्या दिवसापासून मी दुकानात मागच्या दारानं ये-जा करायला लागले.

चाचांची नात जिक्रा नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनीअरिंग करते. ती सुट्टीला आली. काचेवरचा कागद वाचून पोरगी एवढी खूश झाली, मैत्रिणींना दाखवायला तिनं तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर दुकानाचं पान उघडलं. मी माझ्या दारात उभी राहून बघत होते. तिचं हसू कसं गेलं ते मला दिसलं. चाचांनाही दिसलं. त्यांनी भिंग काढलं आणि विचारलं, "क्या हुआ?"

जिक्रा खोटं बोलणाऱ्यातली नाही. "दादा, उसने दुसराच लिखा है," ती आजोबांना म्हणाली.

दोघं माझ्याकडं आले. चाचा म्हणाले, "सुकन्या, पहिल्यापासनं सगळं उघड. ही वाचंल." मी उघडलं. जिक्रा स्क्रीनकडं वाकून एकेक मेसेज वाचायची आणि त्यांच्या घरच्या बोलीत आजोबांना सांगायची. मी काय लिहिलं होतं ते तिनं सांगितलं, सगळं ओरिजनल. मग त्याचा तो मेसेज आला. "फोन घेतो म्हणतो," ती म्हणाली. आणि पुढं थांबली. तिचे डोळे त्या ओळीवर गेले, पार्सलच्या आधीच्या तारखेवर गेले आणि मग माझ्याकडं आले. वीस वर्षांची पोर. मी तिच्याकडं पाहिलं, आणि माझ्या नजरेत काय होतं ते मला माहीत आहे. मी भीक मागत होते.

"बॅटरी नको म्हणतो," जिक्रा म्हणाली. "आणि पत्ता दिलाय."

मधल्या ओळी तिनं गिळल्या. मग शेवटचा मेसेज मात्र तिनं सांगितला, नकली बॉडी, एक तारा, फसवणारा. "मी स्पष्ट सांगूनही" हे तीन शब्द तेवढे पुन्हा गाळले.

चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ते म्हणाले, "बराबर हाय त्याचं. ओरिजनल म्हणून विकला, अन् बॉडी मी डुप्लिकेट घातली. दुसरं काय म्हणंल तो?" मग माझ्याकडं वळले. "बेटी, म्हाताऱ्याचं मन दुखू नये म्हणून तू खोटं बोललीस. माझ्यापायी तुला खोटं बोलावं लागलं. मला माफ कर."

त्यांनी हात जोडले. माझ्यासमोर.

मी उठून उभी राहिले. चाचा, त्यानं सांगितलं होतं, मीच तुम्हाला सांगितलं नाही. एवढंच वाक्य होतं. माझं इंग्रजी, माझं फटकळ तोंड, सगळं होतं माझ्याजवळ, आणि ते वाक्य मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "असं करू नका हो, चाचा." बस्स, एवढंच म्हटलं. जिक्रा खिडकीबाहेर बघत होती.

चाचा स्पिरिटची बाटली घेऊन गेले आणि काचेवरचा तो कागद त्यांनी स्वतः काढला. चिकटपट्टीचे डागसुद्धा ठेवले नाहीत. परत येऊन माझ्या समोरच्या स्टुलावर बसले. "लिव त्याला. पैसे सगळे परत देतो, फोन तुझ्याकडंच ठेव. जुनी बॉडी भंगारात गेली, लातूरपर्यंत जाऊन धुंडतो, गावली तर धाडतो. चूक माझी हाय. अन् खाली लिव, कंप्यूटरवर बसणाऱ्या बाईची यात काई चूक न्हाई. तिला बोल लावू नको."

"ते कशाला, चाचा," मी म्हटलं.

"लिव. खातं तुझ्या हातचं हाय. तुला कुणी फसवणारी म्हणलं तर मला चालायचं न्हाई."

मी लिहिलं. माझं टायपिंग चांगलं आहे, एक अक्षर चुकलं नाही. चाचा म्हणाले, "आता वाचून दाखव, मराठीत." मी वाचून दाखवलं. सगळं वाचलं, शेवटच्या ओळीसकट. जिक्रा माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. या वेळी मी काहीच सोडलं नाही.

चाचा म्हणाले, "धाड." मी धाडलं.