करंट गेल्यावर वाजलेला माग

मागावर बसणाऱ्या बाईला भूत दिसायला सवड लागते. ती मला कधी मिळाली नाही, त्यामुळे विश्वास ठेवायचा प्रश्नच आला नाही. तुम्ही लोक इथे लिहिता ते माझी भाची सुनंदा मला वाचून दाखवते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाची गाडी रस्त्यात आपोआप बंद पडली... मी विचारते, आधी पेट्रोल बघितलं होतं का त्याने? सुनंदा चिडते.

आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. मी चौथी शिकलेली बाई. हे मी हाताने लिहिलं, टाईप सुनंदाने केलं. तिला सांगून ठेवलंय – माझी वाक्यं गोड करायची नाहीत.

बेळगावात वडगावला विणकरांची गल्ली आहे, तिथे आमचं घर. पुढे मागाची खोली, मागे स्वयंपाकघर. आईचा हातमाग खड्ड्यातला होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा इकडून तिकडे फेकायचा आणि फणी ओढून धागा ठोकायचा. बाकीच्या बायका एकदा ठोकायच्या. आई दोनदा – एक जोरात, लगेच एक हलकी. रस्त्यावरून जाणारा माणूस न बघता सांगायचा, आत सुंद्राबाई बसली आहे.

मी आणि धाकटी तारा मागच्या खोलीत रहाटावर कांड्या भरत असू. धोट्यातल्या कांडीचा धागा संपला की आई हाक मारत नसे, तोंडात पान असायचं. ती रिकामी कांडी मागाच्या लाकडावर आपटायची – टक, टक, टक. ते ऐकलं की हातातलं असेल ते टाकून भरलेली कांडी घेऊन पळायचं. उशीर झाला तर तीच कांडी डोक्यात.

आई गेली. माग मोडला. खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी घातली आणि खोलीत पॉवरलूम आला. ताराचं लग्न होऊन ती निपाणीला गेली. मी लग्न केलं नाही. का केलं नाही याचा या गोष्टीशी संबंध नाही.

भजनी मंडळाने टाकून दिलेली एक पेटी माझ्याकडे आली. तिचे दोन सूर मुके होते. मी ते दोन सूर सोडून वाजवायला शिकले. पुढे एक टेपरेकॉर्डर घेतला. दुसरा ताराच्या नवऱ्याने दिला, झाकण मोडलेला. मग मला एक गोष्ट सुचली, आणि ती मला कुणी शिकवलेली नाही, हे इथे लिहून ठेवते. एका टेपवर घागरीचा आवाज भरायचा. ती टेप लावायची, तिच्याबरोबर पेटी वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर भरायचं. मग ती दुसरी लावून वर आणखी काही. मोडक्या फणीच्या तारा नखाने छेडल्या की पावसाच्या थेंबासारख्या वाजतात. सेल उतरत आले की टेप हळू फिरते आणि घागर विहिरीएवढी वाजते. हे सगळं मी एकटीने शोधलं. एका वेळी एकच बाई बसलेली, पण ऐकताना वाटावं चौघी बसल्यात.

अडचण एकच होती. गल्लीत दिवसभर पॉवरलूमचा खडखडाट. त्यात रेकॉर्डिंग कसलं करणार? म्हणून मी करंट जायची वाट बघायची. करंट गेला की सगळी गल्ली एकदम गप्प. बाकीचे कपाळाला हात लावून बसायचे, मी दार लावून पेटी काढायची. समोरच्या घरातली बाई मला हुच्ची म्हणायची, कन्नडात म्हणजे वेडी. म्हणू दे. माझी प्रत्येक कॅसेट अशी करंट गेलेल्या वेळेची आहे. हे लक्षात ठेवा.

मध्यंतरी पॉवरलूम विकला, तेव्हा सुनंदाला कपाटात कॅसेटचा डबा सापडला. सुनंदा ताराची मुलगी, टिळकवाडीत राहते, शाळेत शिकवते. तिने एक लावून ऐकली.

"मावशी, हे तू केलंस?"

"मग काय तुझ्या बानं?"

"हे जगाला ऐकवायला पाहिजे. इंटरनेटवर टाकू."

"जग म्हंजे कोण कोण?"

पण आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं डब्यात पडून होतं. कुणीतरी विचारलं तरी.

पिरनवाडीला दिलीप म्हणून एक गृहस्थ आहेत. घरातल्याच एका खोलीला स्पंज लावून त्यांनी स्टुडिओ केलाय, लग्नाच्या व्हिडिओला संगीत घालून देतात. त्यांच्याकडे कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला नेल्या. सकाळी गेलो. पहिल्या कॅसेट व्यवस्थित झाल्या. दिलीप मान डोलवत होते.

"आज्जी, हे असलं आता पोरं मशिनवर करत्यात. तुम्ही दोन टेपवर केलंय व्हय?"

"त्यातला एक झाकण मोडलेला."

मग माझी सगळ्यात आवडती कॅसेट लावली. पेटी, फणी आणि घागर. त्यात मध्यावर मी हात उचलला आहे. काहीच वाजत नाही, नुसती हवा. मग पेटी परत सुरू होते. तेव्हा हात तिथे आपोआप थांबला होता, आणि मला ते बरोबर वाटलं होतं. सुरू करायच्या आधी मी दिलीपना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ही रिकामी जागा कापून टाकूया, लोक पुढे ढकलतील. मी म्हटलं, हात लावायचा नाही.

कॅसेट सुरू झाली. पेटी आली, आणि थोड्याच वेळात तिच्याखाली दुसरं काहीतरी आलं.

"आज्जी, मागं खटखट येतंय. शेजारचा पॉवरलूम घावला वाटतं."

"करंट नव्हता."

मी कान दिला. पॉवरलूम सगळा सारखा वाजतो, त्याला दम लागत नाही. हा दम घेत होता. एक जोरात, एक हलकी. एक जोरात, एक हलकी.

ही कॅसेट मी पूर्वी किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही. त्यात हा आवाज नव्हता.

पुढे मी पेटीची चाल मुद्दाम सैल केली होती. तिथे तो आवाजही सैल झाला. मी परत उचल घेतली, त्यानेही घेतली. मग ती रिकामी जागा आली. पेटी थांबली, खटखट थांबली. आणि त्या हवेत – टक, टक, टक.

मी उठून उभी राहिले.

"मावशी? बाथरूमला जायचंय का?" सुनंदा म्हणाली.

मी दाराकडे दोन पावलं टाकली होती, आणि माझ्या हातात काही नव्हतं. मला कळेना मी कुठे चालले आहे. तोवर स्पीकरमध्ये धोटा परत फिरायला लागला, पेटी परत आली, आणि मी खुर्चीत येऊन बसले.

दिलीप समजावत होते. जुन्या टेपवर आधीचं काहीतरी राहिलं असेल, खालून उमटत असेल. मी सांगितलं, कॅसेट कोरी आणली होती, वरचा कागद मीच फाडला. आणि आई गेली तेव्हा आमच्या घरात टेपरेकॉर्डर नव्हता. त्यांनी तो तुकडा परत परत लावला. शेवटी हेडफोन काढून म्हणाले, "हे आधीचं न्हाय, आज्जी. तुमच्याबरोबर बसून कुणीतरी वाजवलंय."

याचा मला राग आला. आयुष्यभर एक गोष्ट एकटीने केली आणि आता हा माणूस म्हणतो बरोबर कुणीतरी होतं! मी म्हटलं, "माझ्याबरोबर कुणी नव्हतं. दार लावलेलं असायचं."

"बरं बरं. काढून टाकू का मग? कॉम्प्युटरवर निघतंय."

मी हो म्हणणार होते. पण म्हणाले, "थांब. आधी निपाणीला जाऊन येते."

कारण त्या कॅसेटची एक प्रत ताराकडे होती. ज्या दिवशी ती भरली, त्याच दिवशी त्याच दोन टेपवर मी ती उतरवून दिली होती. ती ऐकायची होती, म्हणजे माझा म्हातारपणाचा घोळ आहे की काय ते तरी कळेल.

सुनंदाने दिलीपकडचं सगळं फोनवर घेतलं आणि आम्ही एसटीने निपाणीला गेलो. तारा बिड्या वळायची, आता बोटं वाकत नाहीत, पण घराला तंबाखूचा वास आहे तो आहेच. तिला मी काही सांगितलं नाही. सुनंदालाही तोंड उघडू नको म्हणून बजावलं. तारा परातीत कणीक मळत होती. म्हटलं, "ऐक जरा."

"तुझं ते टिंगटिंग व्हय? ऐकलंय की मी."

"परत ऐक."

खटखट सुरू झाली तशी तिचे हात हळू झाले. मग ती रिकामी जागा आली. टक, टक, टक. तारा परात सोडून उठली. कणकेच्या हाताने मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिथे उभी राहिली, आणि वळून माझ्याकडे बघत राहिली.

"आक्का... कांडी कुठं हाय?"

मग खाली बसली आणि मला शिव्या द्यायला लागली. "आईचा आवाज कवा धरलास गं तू? मला बोलली न्हाईस एवढ्या वर्सांत! एकटीच ऐकत बसलीस व्हय?"

मी म्हटलं, तुझी कॅसेट काढ.

तिने ट्रंकेतून काढली. ताराच्या नवऱ्याने कुठूनतरी टेप आणला. लावली. पेटी, फणी, घागर. माग नाही. मध्यावर माझा हात थांबतो तिथे नुसती हवा... आणि मग पेटी. आम्ही दोनदा ऐकली, सुनंदाने फोनवर भरूनही घेतली. माझ्याच कॅसेटवरून उतरवलेली, आणि तिच्यात आई नाही.

परत येताना सुनंदा एसटीत हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या आईकडची कॅसेट टाकूया. स्वच्छ आहे. दुसरी टाकली तर लोक म्हणतील, म्हातारीनं नंतर चिकटवलं. आणि एकटीनं केलं म्हणून मी सगळीकडे लिहिणार आहे, ते खोटं पडेल."

तिचं चुकत नव्हतं. ताराची कॅसेट टाकली तर सगळं माझं. कुणी बोट दाखवणार नाही. हुच्ची म्हणणाऱ्यांना तोंडावर दाखवता येईल – बघा, एका बाईने काय केलं. मला तेच तर पाहिजे होतं. दुसरी टाकली तर अर्धं श्रेय द्यावं लागणार, आणि तेही कुणाला, तर जिने आयुष्यात आरतीपलीकडे काही ऐकलं नाही अशा बाईला.

संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. फोन कानाला लावून दोन्ही ऐकत होते. एकदा हे, एकदा ते. काकती आल्यावर फोन सुनंदाकडे दिला.

"माग असलेली टाक."

"का गं?"

"ती जास्त चांगली हाय."

आणि खरंच आहे. माग नसलेली ऐकली की आता पेटी लंगडी वाटते. मला माझ्या कामाची किंमत कळते, म्हणून बोलले. ते चांगलं झालंय हे मीच सांगायला पाहिजे, कारण तेव्हा ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं... निदान मला तसं वाटत होतं.

"मग नाव कुणाचं लिहू?"

"पेटी, फणी, घागर – माझं. माग – सुंद्राबाईचं."

"लोकांनी विचारलं, या कोण, तर?"

"माझी आई म्हणून सांग. विणायची म्हणावं."

आईने शेकड्याने लुगडी विणली असतील. प्रत्येकावर शिक्का व्यापाऱ्याचा. तिचं नाव कुठल्या विणलेल्या वस्तूवर नव्हतं. आता आहे. डोळ्यात पाणी वगैरे काही आलं नाही. जिने काम केलं तिचं नाव लिहायचं, यात रडण्यासारखं काय?

सुनंदाने ते इंटरनेटवर टाकलं. लोक ऐकतात. कुणीतरी बाहेरच्या देशातून लिहिलं, मागाची साथ अप्रतिम आहे, या बाई कार्यक्रम घेतात का? मी म्हटलं, लिही, घेत नाहीत. समोरच्या घरातली, मला हुच्ची म्हणणारी, अजून आहे. तिला एक दिवस पायरीवर बसवून फोन कानाला लावला. थोडं ऐकलं आणि माझ्या दाराकडे बोट करून विचारलं, "अव्वा आत बसलीय का तुझी?" अव्वा म्हणजे आई. मग स्वतःच घाबरली. दुसऱ्या दिवशी चार बायकांना घेऊन ऐकायला आली. मला आता कुणी हुच्ची म्हणत नाही.

तो आवाज कसा आला, याचं कारण मात्र मला सांगता येत नाही. दिलीपना येत नाही, सुनंदाला येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर लिहा, पण आत्मा वगैरे लिहू नका, मला त्यातलं कळत नाही. मी जिथे पेटी घेऊन बसायची ती फरशी बुजवलेल्या खड्ड्यावरची होती, हे खरं. पण माझ्या घरात बसायला दुसरी जागाही नव्हती. ती रिकामी जागा मी मध्ये का सोडली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. टक-टक झाल्यावर तिला कांडी कुणी दिली, तेही ठाऊक नाही. आम्ही दोघी तर आता उठलो, इतक्या वर्षांनी, आणि रिकाम्या हाताने. पण माग परत सुरू झालाय, म्हणजे कुणीतरी दिली असणार.

एवढं मात्र मी नीट कान देऊन तपासलंय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माग माझ्या पेटीच्या पुढे कुठे पळालेला नाही, आणि कुठे रेंगाळलेला नाही. दोन सूर मुके असलेल्या पेटीबरोबर असा ताल धरायला हात लागतो. आईचा हात चांगला होता.