समाधानी असल्यास

"हसा जरा बाई. पाणी आलंय तुमच्या दारात."

तालुक्याचे साहेब माझ्या आईला सांगत होते. आई हसत नव्हती. कशाला हसायचं, तेच तिला कळेना. दारात नवा नळ होता, पण नळाला पाणी नव्हतं. नळामागं एक माणूस उभा होता, खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन. कॅनमधली रबरी नळी त्यानं पाइपाच्या मागच्या तोंडात खुपसली होती. त्यानं कॅन जरा उचलला की तोटीतून धार पडायची.

आई नुकतीच रानातून आली होती. पायाला चिखल. साहेब तिच्याकडे बघून म्हणाले, "हे असं नको. चांगलं काहीतरी नेसून या. फोटो वरपर्यंत दिसतो."

आई आत गेली. भीमजयंतीला नेसते ती पांढरी साडी नेसून आली. डोक्यावर पदर घेतला. तोटीखाली कळशी धरली.

"आता हसा."

आई हसली. साहेबांबरोबर आलेल्या मिलिंदनं मोबाईलवर फोटो काढला. "लोकेशन आलं, सर."

कळशी अर्धी भरली होती. आईनं ती कमरेवर घेतली आणि घराकडे वळली.

"ओ बाई! ते कुठे घेऊन चाललात? पुढची कातकरीवाडी करायचीय अजून."

कॅनवाल्या माणसानं आईच्या कमरेवरची कळशी काढून घेतली. पाणी परत कॅनमध्ये ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत कळशी उपडी धरली. मग ती आईच्या हातात दिली.

जीप गेली. जयंतीच्या साडीत माझी आई अंगणात उभी. मी पायरीवर उभी होते. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

आमची बौद्धवाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून. पावसाळ्यात इथं इतकं पाणी की भिंतींना शेवाळ धरतं. शिमगा गेला की झरे आटतात. मग बाया दरीत उतरतात. खड्ड्याशी बसून करवंटीनं पाणी भरतात. करवंटी बुडेल एवढं पाणी साठेपर्यंत थांबायचं, मग परत भरायचं. उन्हं तापली की टँकर यायचा. तेवढाच काय तो आधार. मी महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळची एसटी चुकली तर खाडा पडतो. म्हणून दरीत आईच उतरते.

मिलिंद आमच्याच समाजाचा. महाडकडच्या गावातला, शिकलेला पोरगा. पाण्याच्या योजनेवर कंत्राटी समन्वयक म्हणून लागला होता. फोटोच्या आधी काही महिने तो आमच्या विहारात प्रशिक्षण द्यायला आला होता. बायांना समोर बसवून त्यानं एकेकीच्या मोबाईलमध्ये अॅप टाकून दिलं. जिच्याकडे साधा फोन, तिचा नंबर नोंदवून घेतला.

"आजपर्यंत कागद साहेबाच्या कपाटात असायचा," तो म्हणाला. "आता सगळं उघडं. कुठल्या घरात पाणी पोचलं, कुठल्या नाही, ते सगळ्या जगाला दिसणार. पाणी नसेल तर तक्रार टाका. आणि ती तक्रार साहेबालासुद्धा बंद करता येणार नाही. तुमच्या फोनवर नंबर येईल. तुम्ही तो सांगितलात, तरच बंद."

आम्ही टाळ्या वाजवल्या. आईनं त्याला घरी नेऊन भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. तो तिला मावशी म्हणाला. तो गेल्यावर आई म्हणाली, "आपला पोर सरकारात गेला. आता काय भ्याचा नाय."

मी तर आईहून जास्त विश्वास ठेवला. मी बारावी झालेली. सरकारी कचेरीच्या खिडकीशी उभं राहून, आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मी लहानपणापासून बघितलं होतं. मोबाईल आडनाव ऐकून तोंड वाकडं करत नाही, असं मला वाटलं. इथं तरी आपण नुसती माणसं असू, असं वाटलं.

फोटो काढून नेला त्या संध्याकाळी मी मिलिंदला फोन केला.

"तात्पुरतं आहे ताई," तो म्हणाला. "पाइप जोडायचा राहिलाय फक्त. महिन्याभरात जोडतील."

पाइप वरच्या गावापर्यंत आला होता. गावातल्या शेवटच्या घरापाशी त्याचं तोंड उघडं होतं, त्यात पोत्याचा बोळा कोंबलेला. तिथून आमच्या वाडीपर्यंत काहीच नाही. आमच्या दारातले नळ नुसते मातीत रोवलेले. गावात घरोघरी पाणी सुरू झालं. त्यांच्या पडव्या धुतल्या जायच्या, ते पाणी पाखाडीच्या दगडी वाटेवरून आमच्याकडे वाहत यायचं. पाइपातून मात्र कधी आलं नाही.

शिमगा जवळ आला. खड्ड्याचं पाणी खाली गेलं. मी अॅप उघडलं. आमचं घर हिरवं दिसत होतं. वाडीतलं प्रत्येक घर हिरवं. घरावर बोट ठेवलं तर आईचा फोटो आला. पांढरी साडी, वाहता नळ, हसू. खाली लिहिलेलं, लाभार्थी.

मी तक्रार टाकली. नळजोडणी आईच्या नावावर, म्हणून नंबर आईचाच घातला. थोड्याच दिवसांनी बघते तर तक्रार बंद. निवारण झाले.

मी रजा टाकली आणि साहेबांच्या कार्यालयात गेले. निदान टँकरचं तरी विचारावं म्हणून.

साहेबांनी मला बस म्हटलं नाही. कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला.

"या तुमच्या आई ना? छान हसतायत की."

"साहेब, नळाला पाणी नाही. तुम्हीच कॅन आणला होतात."

"टँकर तर विसराच. ज्या वाडीत घरोघरी नळ आहे तिथे टँकर देताच येत नाही. सिस्टीम घेत नाही."

"पण मी तक्रार केली होती."

"केलीत आणि बंदही केलीत. समाधानी आहोत म्हणून तुमच्याच घरून ओटीपी दिलाय." मग खुर्चीत मागं रेलून ते म्हणाले, "तुम्हा लोकांना दिलं तरी रडायचं, नाही दिलं तरी रडायचं. आणि पाणीच हवं तर महाडला तळं आहे की तुमचं. मार्चमध्ये जाताच ना? येताना भरून आणा."

पलीकडच्या टेबलावरचे दोघं हसले. एकाच्या हातातला चहा हिंदकळला. तो रुमालानं शर्ट पुसत पुसत हसत होता.

चवदार तळ्याचं नाव आमच्या घरात कुणी चेष्टेत काढत नाही. लहान पोरंही काढत नाहीत. साहेबानं ते चहाच्या गप्पांत काढलं. माझे कान तापले. मी पायऱ्या उतरले, स्टँडवर आले, आणि समोर लागलेली माझी एसटी माझ्यादेखत सुटून गेली. मला चढायचं भान नव्हतं.

घरी आल्यावर आईला विचारलं. "तू कुणाला नंबर सांगितलास?"

"मिलिंदचा फोन आलता," ती म्हणाली. "मावशी, पाइप जोडाया मानसं येतायत, त्यांचा नंबर आलाय तुझ्या मोबाईलवर, तो सांग म्हनला. मी सांगितला. का गो बाय? काय चुकला?"

"तुझं काय चुकलं नाय."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती उंबऱ्यावर बसली. मग एवढंच म्हणाली, "मावशी म्हनलान मला त्यानं."

साहेबांच्या बोलण्यानं माझं डोकं फिरलं होतं. आईच्या या एका वाक्यानं आतलं काहीतरी तुटलं. साहेब परका होता. त्याच्याकडून आम्ही कसली अपेक्षाच धरली नव्हती. मिलिंदवर आम्ही जीव टाकला होता. त्याच्या तोंडून ऐकलं म्हणून तर सरकारवर विश्वास ठेवला होता. त्यानं आईला घाबरवलं नाही, दमात घेतलं नाही. नात्यानं हाक मारली आणि तिचा होकार काढून घेतला.

मार्चमध्ये मी महाडला तळ्यावर गेले. दरवर्षी जाते. गर्दीत मिलिंद दिसला. पांढऱ्या शर्टात, भोजनदानाच्या रांगेला भाजी वाढत होता. मी रांगेतून सरकत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आईकडून नंबर का घेतलास?"

त्याच्या हातातला भाजीचा डाव हवेतच राहिला. "ताई, इथं नको."

"इथंच."

तो बाजूला आला. घाम पुसला. "अख्ख्या तालुक्याच्या तक्रारी माझ्या अंगावर. उघड्या, लाल राहिल्या की वरून फोन येतो मला. कंत्राट सालासालाचं. साहेब म्हणाले, लोकांना समजावून घे. मी काय करणार होतो?"

"तू समजावलं नायस. फसवलंस."

"साहेबांना विचार ना मग. मलाच का?"

"साहेबाला आम्ही जेवायला घातलं नव्हतं."

मागं लोक ताटं घेऊन थांबले होते. मी न जेवता निघाले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी वरच्या गावाच्या टोकाला थांबले. पोत्याचा बोळा कोंबलेल्या त्या पाइपाचा व्हिडिओ काढला. आमच्या वाडीपर्यंतची कोरडी वाट दाखवली. नवी तक्रार टाकली. या वेळी नंबर माझा.

काही दिवसांनी संदेश आला. आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, समाधानी असल्यास खालील क्रमांक कर्मचाऱ्यास सांगावा. खाली आकडे. लगेच मिलिंदचा फोन. मी उचलला नाही. मग सरपंचांचा. मग एका अनोळखी नंबरवरून. मी कोणाचाच उचलला नाही. नंबर जुना झाला की नवा पाठवायचे, परत फोन करायचे.

सुट्टीच्या दिवशी जीपच वाडीत आली. साहेब, सरपंच, आणि मागून मिलिंद. शेजारच्या बाया दारात आल्या. पुरुष विहाराच्या कट्ट्यावरून उठून उभे राहिले.

सरपंच आधी गोडीनं बोलले. "बाय गो, सगळा गाव हिरवा झालाय. एक तुझाच ठिपका लाल हाय. डिजिटल गाव म्हनून आपला नाव वर गेलाय, बघाया मानसं यायची हायत. गावाला बट्टा लावतेस काय?"

"नळाला पानी आणा. देते नंबर."

"आधी नंबर द्या," साहेब म्हणाले. "प्रोसेस पूर्ण झाली की पाणी येईल."

"आधी पाणी."

साहेबांचा आवाज बदलला. "सरकारी कामात अडथळा म्हणतात याला. कंपनीत कामाला आहात ना? कुठल्या?" आणि हात पुढे केला. "मोबाईल द्या इकडे."

मी मोबाईल दोन्ही हातांनी छातीशी धरला. समोर त्यांचा पसरलेला हात होता. तो हात बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. हा माणूस माझ्याकडे मागतोय. ज्यानं मला बस म्हटलं नाही, तो डोंगर चढून माझ्या दारात आलाय आणि हात पसरून उभा आहे. जीप त्याची, कार्यालय त्याचं, कॉम्प्युटर त्याचा. पण माझ्या होकाराशिवाय त्याचं खोटं पुरं होत नाही. त्याला माझ्या तोंडून हो हवंय. ते त्याला जोरानं काढता येत नाही. म्हणून तर आईकडून गोड बोलून काढलं.

"नाय देनार," मी म्हटलं.

"काय?"

"नाय देनार. मी समाधानी नाय."

तेवढ्यात आई दरीतून वर आली. डोक्यावर हंडा, खांदे भिजलेले. ती साहेबांकडे गेलीच नाही. मिलिंदसमोर थांबली.

"मिलिंदा, माझी तक्रार परत उघड. मी तो नंबर तुला इश्वासानं दिलता. तो मी मागं घेतला."

मिलिंद खाली बघत राहिला. "उघडता येत नाही मावशी."

"मावशी म्हनू नको," आई म्हणाली, आणि घरात गेली.

जीप वळवायला जागा नव्हती. ती मागं मागं करत पाखाडीपर्यंत न्यावी लागली. वाडीतलं कुणी बाजूला झालं नाही.

आता काय झालं ते सांगते. पाणी आलं नाही. टँकरही आला नाही. बघायला आलेल्या माणसांना वरच्या गावातून फिरवून परस्पर परत नेलं. गावातल्या दुकानात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. कंपनीत सुपरवायझरनं बोलावून विचारलं, "गावाला काय भानगडी करतेस?" आणि मला जड पेट्यांच्या लाइनला टाकलं. मिलिंदचं कंत्राट पुढं चालू ठेवलं नाही, असं ऐकलं. मला वाईट वाटलं. त्याला लहान मुलगी आहे. पण तो आधी येऊन माझ्या पाया पडला असता, तरी मी आकडा दिला नसता.

मी वाडीतल्या प्रत्येक घरात जाऊन बसते. ज्यांचे फोटो काढून नेले, त्या सगळ्यांच्या तक्रारी टाकल्या. प्रत्येकीला फोन आला. कुणाला ताई म्हणून, कुणाला काकू म्हणून, कुणाला दमदाटी करून. एकीनंही नंबर दिला नाही. आमची सगळी वाडी आता त्यांच्या पडद्यावर लाल आहे. पुढच्या ग्रामसभेला आम्ही सगळ्याजणी जाणार. कॅमेरा लावतात तिथं, त्याच्यासमोर बसणार. कुणी उठवलं तर उठणार नाही.

त्यांनी आमचं हसू नेलं, आमची नावं नेली, आमच्या दाराचं लोकेशन नेलं. एक ‘नाही’ तेवढं आमच्यापाशी राहिलं आहे. ते आम्ही कुणालाच देणार नाही. आपल्या माणसालाही नाही.