पारूच्या ताटात काय होतं

भोकरजवळच्या एका खेड्यात लिंबाजी सोनकांबळे राहायचा. छप्पन साली त्याच्या बापानं घरातले देव नदीत सोडले, धम्म घेतला. तेव्हापासून अंगारे-धुपारे त्या घरात शिरले नव्हते. लिंबाजी हे अभिमानानं सांगायचा.

बहात्तरच्या दुष्काळात तो आणि त्याची बायको पारूबाई सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. आधी घरात तुरीचं वरण असायचं, शेंगदाणे असायचे, शेळीचं दूध, ओढ्यातले मासे. ओढा आटला, शेळी चाऱ्याविना मेली. रेशनची तांबडी ज्वारी तेवढी राहिली. कधी मूठभर डाळ मिळालीच, तर पारू ती नवऱ्याला आणि लेकरांना वाढायची. सगळ्यांचं झाल्यावर स्वतः चुलीकडं तोंड करून बसायची. तिच्यापुढं काय असतं, हे लिंबाजीनं कधी पाहिलं नाही.

उन्हाळ्यात पारूच्या हातांची कातडी काळी पडून सोलू लागली. गळ्याभोवती भाजल्यासारखा पट्टा उठला. पोट सारखं बिघडलेलं. मग झोप गेली. उगाच रडायची, लेकरांची नावं विसरायची. एकदा शेजारच्या धोंडाबाईच्या हाताला ती कडकडून चावली.

"भानामती हाय ही," धोंडाबाई म्हणाली. "कुणीतरी करणी केलीय."

लिंबाजीनं तिथंच तिला गप्प करायला हवं होतं. पण लोक आपल्या दाराकडं बघत जातात, याचीच त्याला लाज वाटू लागली होती. बाजारच्या दिवशी, गल्लीत कुणी नसताना, तो पारूला शेजारगावच्या भगताकडं घेऊन गेला. भगतानं मिरच्यांची धुरी दिली. पारू ठसकत उठून पळू लागली.

"धर रे तिला!" भगत ओरडला.

लिंबाजीनं तिचे सोललेले हात दाबून धरले.

पारूला उतार पडला नाही. पुढं कामावर सुया टोचायला सरकारी डॉक्टरीणबाई आल्या. पारूचा गळा बघून त्यांनी लिंबाजीला बोलावलं.

"काय खाते ही?"

"खाती की जी. भाकर."

"भाकरीबरोबर?"

लिंबाजीनं पारूकडं पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि त्याला ठाऊकच नव्हतं. खडी फोडणारी माणसं हात थांबवून ऐकत होती. शेवटी पारूच म्हणाली, "कवा मीठ. कवा मिरची."

"हिला कुणी वेडी म्हणू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिनोन्महिने नुसत्या ज्वारीवर काढलेत हिनं. त्यानं कातडी जाते, पोट जातं, डोकंही फिरतं. मी गोळ्या देते. पण डाळ, शेंगदाणे, अंडं, जे मिळेल ते आधी हिला द्या."

लिंबाजी आपल्या वाटणीची डाळ पारूला वाढू लागला. कुठून कुठून शेंगा आणू लागला. थोड्याच दिवसांत पारूला झोप लागायला लागली. हळूहळू गळ्याचा पट्टा फिकट झाला. डोकं ताळ्यावर आलं, आणि झालं-गेलं एकेक करून आठवायलाही लागलं.

एका दुपारी शेंगा फोडता फोडता तिनं विचारलं, "अवो, भगताकडं माजे हात कुणी धरले व्हते?"

"म्या."

ती पुन्हा शेंगा फोडू लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मग तीच म्हणाली, "धोंडाबाईला तोंड दाखवायची लाज वाटती मला. चावले न्हवं का मी."

लाज तू कशाला धरतीस, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्यानं नुसत्या शेंगा तिच्याकडं सरकवल्या. त्या दिवसापासून तो तिच्या शेजारी ताट घेऊन बसू लागला. तिला ते अवघड व्हायचं. कितीतरी दिवस ती पाठ फिरवूनच जेवली.

ब्याऐंशीत लातूर वेगळा जिल्हा झाला. थोरल्या मुलाला तिथल्या नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली, तशी दोघं त्याच्याकडं राहायला गेली. एका रविवारी विहारात भानामतीवर बोलायला काही कार्यकर्ते आले. कुणाला काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारल्यावर लिंबाजीनं मान खाली घातली. बायकांमधून पारू उभी राहिली.

"मला झाली म्हनत व्हते," ती म्हणाली. "भानामती न्हवती ती. पोटात नुसती भाकर व्हती. पर लोकांनी मला धरून मिरच्यांची धुरी दिली."

ती खाली बसली. लिंबाजीचे कान तापले. तो उठला.

"लोकांनी न्हाई," तो म्हणाला. "म्या धरलं व्हतं तिला."

पुढं बसलेली एक म्हातारी वळून त्याच्याकडं बघत राहिली. बोलून टाकल्यावर ओझं उतरतं म्हणतात. लिंबाजीला तसं काही वाटलं नाही. तो फरशीकडं बघत उभाच राहिला.