गालाची जागा

बाबा गेले, त्यांचा परवाना संपला, म्हणून त्यांची नेमबाजीची जुनी रायफल बंदुकीच्या दुकानात जमा करावी लागली. काल मी तिथे गेले, तेव्हा जुन्या रायफली जमवणारे एक गृहस्थ तिच्या लाकडी दस्त्यावरून बोटं फिरवत होते.

"डावखुऱ्या माणसासाठी घडवलाय. मान आखूड, गालाचं हाड वर."

बाबाच ते! फोटोत चेहरा उरतो, पण त्या चेहऱ्याचा भार फक्त या लाकडात उरलाय.

"गाल टेकतो तिथे तासावं लागेल. दुसऱ्या कुणाला बसायचा नाही," ते म्हणाले.

बाबांचा उरलासुरला गालही तासणार? मी रायफल ओढून घेतली, डावा गाल टेकवला. तंतोतंत बसला.

दुकानदाराने हात पुढे केला. "ताई, तुमच्याकडे परवाना नाही. द्या इकडे."